धाकटीचे दात

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाठीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडं चाला आणि रोज थोडं लिहा, मन मोकळं होतं. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने चाललं तर मन मोकळं व्हायच्या आधी छाती धुळीने भरते. म्हणून चालणं रद्द, लिहिणं चालू. वीस वर्षं वाकून लोकांच्या तोंडात बघितल्यावर कणा कुरकुरणारच. हे म्हणतात, बंद कर दवाखाना आणि ये भंडारदऱ्याला माझ्याकडे. धरणावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून मी काय करू, ते मात्र सांगत नाहीत.

मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, दात राहतात. कोल्हारच्या बाजारात कुणी नमस्कार केला की मी त्याने तोंड उघडायची वाट बघते.

आज शाळेत दंततपासणी होती. शेवटी शेवटी सगळी तोंडं सारखीच दिसायला लागली. तेवढ्यात दहावीतली पंकजा समोर आली. तोंडावरची ओढणी काढेना. मास्तर म्हणाले, बोअरच्या पाण्याने झालेत हो, त्यांच्या वस्तीवर सगळ्यांचं तसलंच. पण बोअरच्या पाण्याचे डाग आडवे असतात, ढगाळ असतात. हिच्या दातांवर उभे पट्टे होते. एक पट्टा बरा, त्याला लागून एक पिवळा आणि खरखरीत, शेतातल्या सरी-वरंब्यासारखे. असे दात मी फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिले होते. घरच्यांना घेऊन ये म्हटलं.

कंटाळा थोडा वेळ विसरले, हे नोंदवून ठेवते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पंकजाच्या घरचे सगळे आले. बाप बजरंग, सेंट्रिंगचं काम करतो, स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायचं. आई आरती. मधली बहीण, भाऊ आदिनाथ आणि बजरंगची म्हातारी आई. धाकटी स्नेहल तेवढी नव्हती. दिवाळीला मामाकडे गेली ती अजून कुणी आणलीच नाही.

म्हातारीच्या तोंडात मशेरीचा काळा लेप. आम्हा दातवाल्यांचं ठरलेलं वाक्य मी म्हटलं, मशेरीने वाटोळं केलं बघा दातांचं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "मशेरीनं न्हाई केलं, बाई. दात पिवळं हुतं म्हनून मशेरी. माज्या आईनं बी लावली, मावशीनं बी. काळं दिसलं म्हंजी पिवळं दिसत न्हाई." मी थोडा लेप खरवडला. खाली तेच उभे पट्टे. म्हणजे या घरच्या बायका तव्यावर तंबाखू जाळून पिढ्यान्‌पिढ्या आपले दात झाकत आल्या, आणि आम्ही त्यांना व्यसनी म्हणत आलो.

बजरंगचे दात सगळेच पिवळे, बारके, पट्ट्यांशिवाय. मधलीला पट्टे. आदिनाथचे पांढरेशुभ्र. पुस्तकाचं अख्खं पान माझ्यासमोर रांगेत बसलं होतं. आरतीचे दात चांगले आहेत, पण ती सून, बाहेरून आलेली.

मी त्यांना समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. दात हिरडीच्या आत तयार होतो तेव्हा त्याच्या वरच्या थराचा, एनॅमलचा, आधी एक सांगाडा पडतो. तो प्रथिनांचा. त्यात मुख्य प्रथिन अमेलोजेनिन. त्याच्या आधाराने खनिजाचे कण ओळीत वाढतात. ते भरत आले की शरीर ते प्रथिन कुरतडून काढून टाकतं, आणि उरतो तो दगडासारखा कडक दात. बजरंगकडे बघून म्हटलं, तुमचं सेंट्रिंगच समजा. त्याचा चेहरा उजळला.

"सेंट्रिंग वाकडं लागलं तर स्लॅब वाकडा," तो म्हणाला.

"बरोबर. तुमच्या घरात ते प्रथिनच वाकडं आहे."

"आन्‌ काढायचं राह्यलं तर?"

"तर दात कच्चा, पिवळा. तेही होतं."

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. या प्रथिनाची आखणी ज्या एक्स गुणसूत्रावर असते, ते बाप फक्त मुलींना देतो, मुलाला नाही. म्हणून आदिनाथ सुटला. मुली मात्र सगळ्या सापडणार. बजरंगने विचारलं, सगळ्याच? मी म्हटलं, सगळ्याच, एकही सुटायची नाही. मुबश्शिरा, माझी मदतनीस, मागून म्हणाली, मॅडम, पुढचे पेशंट थांबलेत. तिला नको तेव्हा घाई असते.

आरती सगळा वेळ पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारभर वीज नाही. कॉलेजातल्या माझ्या सरांना फोटो पाठवले होते, त्यांचा फोन आला. म्हणाले, सत्यशीला, सोनं सापडलंय तुला, लेख लिही. पुण्यात त्यांच्या ओळखीने लाळेवरून जनुकाची चाचणी फुकट होईल. अख्खं कुटुंब हवं, धाकटीसकट.

माझं नाव छापून यावं असं मला शेवटचं कधी वाटलं होतं ते आठवत नाही. संध्याकाळी त्या कुटुंबाचा तक्ता काढला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, दोष असेल तर आत काळं करायचं. धाकटीचा गोल न बघताच काळा केला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आरती धाकटीला घेऊन आली, नवऱ्याशिवाय. स्नेहल सात वर्षांची, बडबडी. खुर्चीवर बसायच्या आधीच तोंड उघडून उभी. खालचे पुढचे दोन पक्के दात नुकते आलेत, बाकी दुधाचे. सगळे पांढरे. आरसा फिरवून फिरवून बघितलं, एक पट्टा नाही. माझा तक्ता बिघडला.

आरतीने हळूच विचारलं, हे दुधाचं दात पडून नवं येतील, ते बहिनींसारखं येतील ना? मी म्हटलं, छे, अजिबात काळजी करू नका, हे दोन आलेत ना, तसेच येतील, मोत्यासारखे. वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, काय औषध लावून त्यांच्यासारखं करता येतं का?

वीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. चांगले दात पिवळे करून मागणारी बाई. मी म्हटलं, अहो, वेड लागलंय का? ती ओशाळली आणि पोरीला घेऊन गेली. काही लोकांना चांगली बातमीही पचत नाही.

जेवण झाल्यावर पुस्तक काढलं. मुलीच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कामाला असतो, दुसरा निजलेला. म्हणूनच मुलींना पट्टे, बरा पट्टा आणि बिघडलेला. एखादीच्या दातांत नशिबाने फक्त बरा एक्सच जागा राहिला तर पट्टे दिसणारच नाहीत. फार विरळा, पण होऊ शकतं. म्हणजे ही पोर माझा तक्ता बिघडवत नाही, ती माझा लेख घडवणार आहे. हे कुणाला आत्ताच सांगायचं नाही, चाचणी झाली की थेट छापायचं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खुर्चीत एका बाईची रूट कॅनाल अर्धी झालेली आणि बजरंग दारात येऊन उभा. मॅडम, एकच इचारायचं हुतं. पोरी सगळ्याच म्हनलात, त्ये नक्की का? माझ्या हातात सुई, पाठीत कळ. मी म्हटलं, एकदा सांगितलं ना बजरंगभाऊ, शंभर टक्के. त्याने विचारलं, यावर काही तपासणी असती का? असते म्हटलं, लाळेची, पुण्याला, आणि तुम्हाला पैसेही पडणार नाहीत. तो मान हलवून गेला.

लोक तपासणी म्हटलं की पळतात, हा स्वतः विचारायला आला. एवढी जिज्ञासा शिकलेल्या माणसातही नसते. मुबश्शिराला तसं म्हटलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

२ डिसेंबर, मंगळवार

पंकजाच्या वरच्या चार दातांवर आज थर चढवले. रंग छान जुळला. आरशात बघून ती हसली, आणि सवयीने हात वर गेला. म्हटलं, आता कशाला? म्हणाली, जाईल हळूहळू.

काम करताना ती सांगत होती, पप्पा बरेच दिवस घरी नाहीत, शिर्डीला साइटवरच निजतात. आई जेवत नाही. पोरी बडबडतात, मी अर्ध्याला हं हं म्हणते. पण मग ती म्हणाली, आई आता स्नेहललाही रोज मशेरी लावते, ती रडते तरी लावते, आजी नको म्हणते तरी लावते. तेव्हा माझा हातच थांबला. सात वर्षांच्या पोरीच्या हिरड्यांना तंबाखू! आणि तेही तिन्ही बहिणींत हिच्या एकटीचे दात चांगले असताना. संताप संताप झाला.

५ डिसेंबर, शुक्रवार

मी स्वतः फोन करून बजरंगला साइटवरून बोलावून घेतलं. आरतीला पोरीला घेऊन यायला सांगितलं. घरच्या माणसाला कळलंच पाहिजे की मागे काय चाललंय.

स्नेहलचे दात काळपट झाले होते. मी बजरंगच्या देखत आरतीला झाडलं. म्हटलं, तुम्हाला पोरीचा चांगला दात बघवत नाही का? आई आहात की वैरीण? मग पोरीला खुर्चीत घेतलं आणि एकेक दात घासून लख्ख केला. तिला पुढे उभी करून म्हटलं, बघा बजरंगभाऊ, बघा कसे दात आहेत तुमच्या लेकीचे. तुमच्या घराण्यात कुठल्या लेकीचे आहेत का असे?

 आरती खाली फरशीवर बसली होती. स्नेहल आरशात बघून आधी हसली, मग आईकडे बघितलं, मग बापाकडे, आणि तोंड मिटून घेतलं. बजरंगने तिला उचललं नाही. पुढे चालू लागला आणि दोघी मागून गेल्या. धन्यवाद म्हणायची पद्धत आपल्याकडे राहिलीच नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी मुबश्शिराने झाडू मारला, हत्यारं उकळायला लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"ज्या माणसाच्या सगळ्याच मुलींना ते होतं, त्याच्या एका मुलीला झालंच नाही, तर तो काय समजेल?"

मी म्हणाले, अगं, तेच तर, त्याचं कारण एक्स गुणसूत्र... आणि तिथेच माझी जीभ थांबली.

ती म्हणाली, आरतीताईंना पहिल्याच दिवशी कळलं, बजरंगभाऊंना पण. मला वाटलं तुम्हालाही कळलंय आणि तुम्ही मुद्दाम... मग काल वाटलं, नाही, मॅडमना कळलेलंच नाही.

मी आत जाऊन पाणी प्यायले. 

त्या बाईने मला पोरीचे दात पिवळे करून मागितले. मी तिला वेडी म्हटलं. तिने जे काही घरात होतं, सासूची मशेरी, त्याने पोरीला झाकायचा प्रयत्न केला, त्या घरच्या बायका करत आल्या तसाच. आणि मी ते घासून काढून तिच्या नवऱ्याला उजेडात धरून दाखवलं. तुमच्या घराण्यात कुठल्या लेकीचे आहेत का असे. हे मी बोलले. माझ्या तोंडाने. मला माझी लाज वाटते, याहून दुसरं वाक्य सुचत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

झोप नाही. पाठ आहेच.

त्यांच्या घरी जाते म्हटलं, तर मुबश्शिराने अडवलं. म्हणाली, डॉक्टरीण घरी आली की वस्ती विचारणार, का आली? आज जे दोघांत आहे ते मग चावडीवर जाईल. बरोबर आहे तिचं. बजरंगला दोनदा फोन लावला, उचलत नाही.

सगळ्यात बोचतं ते वेगळंच. एखादी मुलगी सुटू शकते हे मला पंधरा तारखेलाच माहीत होतं. पुस्तक उघडून वाचलं होतं. एकवीस तारखेला तो माणूस दारात येऊन विचारत होता, तेव्हा तेवढं एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी ते लेखासाठी राखून ठेवलं आणि शंभर टक्के म्हणाले.

स्नेहल सुटलेली आहे की आणखी काही, मला माहीत नाही. ती जन्मली तेव्हाची माहिती मी पहिल्या दिवशी विचारली होती. बजरंग म्हणाला होता, तवा मी सुरतंला कामाला हुतो. मी ते लिहूनही घेतलं नव्हतं, दातांशी काय संबंध म्हणून.

पुण्याहून लाळ घ्यायच्या नळ्या आल्या. खोक्याला हात लावला नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

दवाखाना बंद करायच्या वेळी बजरंग आला. मी मुबश्शिराला थांब म्हटलं, पण ती चहा आणते म्हणून निघून गेली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.

"मॅडम, तुमी त्या दिशी जे सांगितलं, ते मला समाजलं न्हाई. असं धरून चाला."



तो स्टुलावर बसून हाताची सालं काढत होता. मग बोलायला लागला. राग हुता म्हणाला, लई हुता. साइटवर झोप येत नव्हती. एकदा वाटलं, घ्यावी ती तपासणी आणि होऊन जाऊ दे एकदाचं. परवा कपडे न्यायला घरी गेला. पोरगी दारातच होती. नेहमी पळत येते, ती आली नाही.

"पयलं तोंडावर हात धरला, मंग आली. आजीसारखा. पंकजासारखा. आमच्या घरात समद्या बायका तोंडावर हात धरून हसत्यात, मॅडम. मी बी मिशीखाली झाकतो. ही एक न्हवती झाकत. तिला वाटतंय, तिच्या दातानंच घरात इस्कोट झाला."

 माझे डोळे भरले होते, मी ते लपवलेही नाहीत.

"तिच्या आईचं तिला ठावं. मी इचारनार न्हाई. सुरतंला मी बी काय देव न्हवतो. पोरगी माजी हाय, सात वरसं माज्या ताटात जेवली. स्लॅब कवाच पक्का झाला. खाली तुमच्या बोलन्याचा टेकू उभा हाय तेवडा. घरात चालता येत न्हाई त्याच्यामुळं. तुमी लावला, तुमीच काढा."

"कसा?"

"आरतीला सांगा, मॅडम चुकल्या. माज्यासमोर सांगा. पर मी सांगायला लावलं हे तिला कळता कामा न्हाई."

मी म्हटलं, बजरंगभाऊ, एखादी मुलगी खरोखर सुटू शकते, पुस्तकात आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ते खरं वाटलं की मी धीर देतेय असं वाटलं, कळलं नाही. एवढंच म्हणाला, मंग सांगायला सोपं जाईल तुमाला.

चहा आला तो त्याने उभ्यानेच घेतला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पंकजाच्या खालच्या दातांचं काम होतं. आरती तिला घेऊन आली, स्नेहलही होती. बजरंग सहज आल्यासारखा मागून आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. आरती किती वाळली आहे. तिचा चेहरा मी आज पहिल्यांदा नीट बघितला.

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "आरतीताई, माझी चूक झाली. सगळ्याच मुलींना होतं म्हणाले ते चूक होतं. एखादी सुटते. स्नेहल सुटली."

 आरती म्हणाली, "तुमी तर शंभर टक्के म्हनला हुता."

"चुकले."

"एवडं शिकून?"

"एवढं शिकून."

बजरंग कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाला, "मी म्हनत हुतो का न्हाई, ह्या मॅडमचा काय भरवसा न्हाई. पंकीचं दात तरी नीट बसवलेत का बघून घे." मुबश्शिरा हसली. मी पण हसले. आरतीने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

पंकजाचं काम उरकल्यावर मी स्नेहलला म्हटलं, ये, बघू. ती आली, पण हात तोंडावरच. मी काही करायच्या आत आरती पुढे झाली, पोरीचा हात धरला आणि खाली केला. दाखव बाईला, म्हणाली. वरचा एक दात हलत होता. बजरंगने वाकून बघितला आणि म्हणाला, ह्यो पडला की घराच्या पत्र्यावर टाकू.

ते गेल्यावर मी तक्ता फाडला. सरांना कळवलं, कुटुंब तयार नाही. ते हळहळले. नळ्यांचं खोकं सोमवारच्या कुरिअरने परत जाईल, तसंच बंद.

खोक्यावर पत्ता लिहीत होते तेवढ्यात आरती एकटीच परत आली. पिशवी विसरली होती. पिशवी घेतली, दारापर्यंत गेली, तिथे थांबली.

"चुकलात त्ये लई बरं केलं, मॅडम," म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं.